अठरा सेकंद

दुपारी चार चाळीसला फोन थरथरला.
हैदराबादहून, नेहमीसारखा.
मला अजून गंमत वाटते:
जिथे नुसतं खडकाळ पठार,
जिथे खेकडासुद्धा बाजारातून आणावा लागतो,
तिथे बसून कोणीतरी आमचा समुद्र वाचतं
आणि आमच्या दाराशी काय येणार ते आम्हाला कळवतं.

आज रात्री साडेअकरापर्यंत.
उंची शून्य पूर्णांक नऊ ते एक पूर्णांक चार मीटर.
होड्या वर ओढा. किनाऱ्यावर झोपू नका.

वारा नव्हता. आभाळ घासलेल्या पातेल्यासारखं.
पोरं फुटबॉल खेळत होती,
आणि समुद्र इतका शहाणा
की त्याला कोणीही मुलगी दिली असती.

आमच्याकडे याला कळ्ळक्कडल म्हणतात.
कळ्ळन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र.
वादळ दार वाजवून येतं,
ढग, वीज, सगळा लवाजमा घेऊन.
हा तसा नाही.
हा आठवड्यापूर्वीच निघालेला असतो,
खूप दक्षिणेकडून, जिथे बर्फ आणि वारा सोडून
कोणाचं रेशनकार्ड नाही.
तिथलं वादळ केव्हाच मेलं.
लाट चालत राहिली, मान खाली घालून.

फादर गावाला गेले होते.
माईकची किल्ली घंटा वाजवणाऱ्या मत्तियासकडे.
निरोपात लिहिलं होतं, 'शक्यता आहे'.
या उन्हाळ्यात हे मी अकरा वेळा वाचलं.
सात वेळा काहीच आलं नाही.
सातव्या खेपेला सेलीनने सगळी भांडी शाळेत नेली, परत आणली,
त्यात तिची लोणच्याची बरणी फुटली.
अजून धड बोलत नाही माझ्याशी.
म्हणून मी 'शक्यता' गिळली.
माईकवर म्हणाले, येतोय.
बिनपगारी कामात
एवढी चोरी चालून जावी.

"एक मीटर?" रॉबिन्सन हसला. "माझ्या कमरेपर्यंत.
लुंगी वर खोचली की झालं."

मग पणियडिमा उठला.
ऐंशीचा, एका डोळ्यात मोतीबिंदू.
पाण्याजवळ उकिडवा बसून त्याने जपमाळ काढली.
आम्हाला वाटलं, प्रार्थना करतोय.
तो मोजत होता.
रोजच्या समुद्रात एका 'नमो मरिये'त
दोन लाटा फुटतात, हे त्याला बापाने शिकवलेलं.
आज तो आमेनपर्यंत पोचला
आणि पाणी अजून आलंच नव्हतं.
पुन्हा सुरुवात केली, मुद्दाम सावकाश.
आमेन.
मग लाट.

माझ्या फोनवर, तळाशी, बारीक अक्षरांत होतं:
दोन लाटांमधलं अंतर अठरा सेकंद.
ती ओळ मी कधीच वाचून दाखवत नसे.

माळ खिशात टाकून तो म्हणाला, "इंजिनं आधी उचला."
एवढंच.
आणि माझा घसा कोरडा पडेपर्यंत जे हलले नव्हते
ते सगळे धावले.
वाईट वाटलं का? वाटलं. थोडं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो आला.
भिंतीवरून नाही. गटारातून, वाळूखालून,
दाराच्या फटीतून, अनवाणी.
सेलीनच्या रिकाम्या स्वयंपाकघरात फिरला,
खाटेखाली थांबला, काही शोधत असल्यासारखा,
आणि जाताना चौकटीसकट दार घेऊन गेला.
दोन होड्या एकमेकींवर चढल्या.
रॉबिन्सनच्या कमरेपर्यंतच होता, त्याचं खरं होतं.
फक्त रॉबिन्सन आडवा होता,
माडाला मिठी मारून, लुंगीशिवाय.

सकाळी शाळेच्या बाकांवर आम्ही बावीस कुटुंबं,
आणि फोनवर नवा निरोप:
'इशारा मागे घेण्यात येत आहे.'
तोही वाचावा लागतो.
चर्चमध्ये घोटाभर वाळूत उभी राहून मी वाचला,
एकही शब्द न खाता. अंतरासकट.

बाहेर सेलीन घमेल्याने घरातली वाळू उपसून
समुद्राला परत नेऊन देत होती.