डब्यातला रंग

पहिल्या वर्षी मी गंजगोलाईत
घर उचलून नेल्यासारखी गेले होते.
प्लायवूडचा बोर्ड, घडीचं स्टूल,
बारा शेडच्या बाटल्या, जाडबारीक नऊ ब्रश
आणि एक नॅपकिन, तोही इस्त्रीचा.
स्टूल उघडेपर्यंत कांद्याचा गाडा
समोरून हलून पुढच्या रस्त्याला लागला.
बोर्ड भिंतीला टेकवून मी वळले तर
एका पोरानं त्यावर शेंगांचे वाटे मांडले होते.

मग एकेक सोडत गेले.
आधी स्टूल. दुकानांना पायऱ्या काय कमी आहेत?
मग बोर्ड. कपड्यांचे दोन चिमटे
आणि जुन्या रोजमेळाचा पुठ्ठा पुरतो.
कागदही त्याच रोजमेळाचे, शेवटची कोरी पानं,
शेठजींना विचारून घेतलेली.
(लग्नपत्रिकांच्या पाठी करून पाहिल्या.
रंग त्यांच्यावर टेकतच नाही,
घाईतल्या पाहुण्यासारखा उभ्या उभ्या जातो.)
पेन शाईचं, हिशेबाचंच.
पाण्यानं न फुटणारी शाई चांगली म्हणतात,
ती मे महिन्यात निबेतच वाळली.
ही फुटते तेच बरं.
ओला ब्रश रेषेवरून एकदा ओढला
की छज्जाखाली सावली पडते,
रंग उघडायच्या आतच.

रंग राहिले चार.
गेरू, पिवळा, निळा, काळा.
हिरवा लागलाच तर पिवळ्यात निळा.
या भागात, या दिवसांत, लागतो कुठे?

पाणी एक झाकण, बाटलीचं.
जिथं नळाची वाट पंधरा-पंधरा दिवस पाहिली
तिथं ब्रश दोनदा धुवायला हात होत नाही.
शेवटचं गढूळही मी फेकत नाही,
रस्ता त्यानंच रंगवते.

डबी चुना-तंबाखूची, दोन तोंडांची.
मैनोद्दीनभाईंकडे नेली, पत्र्याच्या गल्लीत.
म्हटलं, आत चार कप्पे पाडून द्या.
"कायकू, मुनीमबाई? लवंग-विलायची ठेवता?"
"रंग."
"एवढूशा डबीत?"
"जेवणाची सुट्टीही एवढूशीच असते."
डाग देता देता हसले.
पैसे घेतले ते मात्र पूर्ण.

दहा मिनिटांत भाकरी, उरली वीस.
सोळा रस्ते फुटतात इथून,
वीस मिनिटांत एक होतो, कधी अर्धा.
उन्हात पाणी कागदावर पोचताच उडतं,
कडा वाळायच्या आत पुढं सरकावं लागतं,
विचार नंतर, रात्री, घरी.

पाठीमागं दोघी थांबतात.
"ह्या बाई काय करायल्यात गं?"
"नगरपालिकेच्या असतील. माप घ्यायल्यात."
ऐकून समोरचा बॅगवाला दचकतो,
रस्त्यावर टांगलेल्या साऱ्या बॅगा
भराभर आत ओढून घेतो.
माझ्या चित्राची डावी बाजू
अशी कितीदा रिकामी राहिली आहे.

गेल्या शुक्रवारी त्यांचंच दुकान काढलं.
वर जुना पत्रा, पावसाळ्यांनी खाल्लेला.
चारातला एकही रंग जमेना.
गेरू फार ताजा, काळा मिसळला की मेलेला.
डबीच्या बिजागरीशी गंज धरला होता,
नखानं खरवडला, झाकणातल्या थेंबात कालवला.
लागला. अगदी तोच.

नमाज करून भाई परत आले,
शटर अर्धं उचलून माझ्या कागदाकडे वाकले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग पत्र्याच्या त्या डागावर बोट धरून म्हणाले,
"ह्यो रंग डब्यातला, का डब्याचा?"

मी डबी दाखवली.
"अरे, गंजली की! द्या, घासून देतो, फुकट."
हात पुढं आलेला.
मी डबी मिटली, पर्समध्ये टाकली,
किल्ल्यांच्या आणि बसच्या सुट्ट्या पैशांच्या मध्ये,
आणि म्हटलं, पुढच्या महिन्यात आणते.