काटा न लावता

अमळनेरच्या मार्केट यार्डात, लिलावाच्या शेडवर
भावफलक आहे. दादर, गहू, हरभरा, मका.
लाल अक्षरं उजवीकडून येतात, डावीकडे जातात
आणि उन्हात मुळीच दिसत नाहीत.
तरी सगळे वर बघतात.

फलकामागे पत्र्याची पेटी, पेटीत जुना संगणक,
संगणकात पालीची अंडी, आणि
पडद्यावर चित्र मांडणारी ती फुकटची प्रणाली,
माझ्या जन्माआधी कुणाकुणी लिहिलेली,
ज्याला जमेल त्यानं, जमेल तेवढी.
सचिव नवलसिंग परदेशी म्हणाले होते,
फुकट आहे ना? मग राहू दे.
तेरा वर्षं राहिली.

शुक्रवारी वाचलं, तिच्यात भोक आहे.
नवं नाही. बावीस वर्षांचं.

रात्री कळण्याच्या भाकरीचा हात धुऊन कोड उघडला.
ओळ सापडायला तीन तास लागले, कळायला काहीच नाही:
बाहेरचा कुणी म्हणतो, माझा माल एवढा.
ही म्हणते बरं, आणि तेवढा उतरवून घेते.
मोजत नाही.
चाळीस पोती म्हटलं तर चाळीस.
चाळीस हजार म्हटलं तर गोदामाची भिंत फोडून
शेजारच्या गोदामात, सचिवांच्या कपाटात,
पावतीपुस्तकावर,
जिथं भाव लिहितात त्या जागेवरसुद्धा.

माझे आबा मापाडी. भिला मापाडी.
एकतीस वर्षं त्यांनी सख्ख्या मेव्हण्याचंही पोतं
काट्यावर चढवल्याशिवाय लिहिलं नाही.
मेव्हणा दोन दिवाळ्या बोलला नाही.
त्यांना मी ही ओळ समजावून सांगितली.
वाटलं, चिडतील.
बराच वेळ तंबाखू मळत राहिले, मग म्हणाले,
"ज्यानी लिखं तो चोर नही.
त्यान्या टाईमले यार्डमा समदा वयखीना व्हतात."

होतेच. एका यंत्रापुढं चार जण,
एकमेकांच्या डब्यातली भाजी ओळखणारे.
एका खिडकीत टाइप केलेलं दुसरीला दिसायचं,
तो दोष नव्हता, शेजार होता.
पुढं रस्ता झाला, मग हमरस्ता,
आणि दाराला कडी बसवायची कुणालाच आठवण नाही.

ओळीच्या डोक्यावर त्यानं टिपून ठेवलंय:
लांबी तपासायची. नंतर.
नंतर म्हणजे मी, बहुतेक.

सांभाळणारे आता तिघेच उरलेत, जगभरात.
एकाला लिहिलं. त्याचं उत्तर दीड ओळीचं:
डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पुढच्या आठवड्यात बघतो,
तोवर तुझ्यापुरतं शिवून घे.

रविवारी रात्री शिडी लावली.
गुलाब हमालानं खालून धरली, वर बॅटरी मारली, आणि हसला:
"आठे कोन येस चोराले, ताई? हरभराना भाव?"
हो, हरभऱ्याचाच भाव.
लिलावाआधी दहा मिनिटं, क्विंटलमागं चाळीस रुपये कमी,
नंतर पुन्हा जागेवर.
कुणाला कळलं असतं?
गुलाब हसायचा थांबला. शिडी जरा घट्ट धरली.

पत्रा अजून दुपारचा होता. बोट भाजलं.
घातली ती एकच ओळ:
सांगितलेलं जागेपेक्षा जास्त असेल, तर परत पाठव.
अंडी हलवली नाहीत.

सोमवारी फलक लागला. दादर, गहू.
कुणी वेगळ्या नजरेनं पाहिलं नाही, का पाहावं?
आबा कपाळावर हात धरून खाली उभे.
काई दिखस का, विचारलं.
"नही," म्हणाले, आणि बघत राहिले.

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही,
त्याच फाइलीत, आठशे ओळी खाली,
त्याच हाताचं
आणखी एक नंतर.