खिडकी क्रमांक दोन

मोनेश बडिगेर चौथ्यांदा आलाय पाटी रंगवायला.
खानापूरचा सरकारी दवाखाना, माझ्याच खिडकीच्या वर.
शिडी टेकवून तो आधी खरवडतो
गेल्या सालची योजना.
तिच्याखालून निघते तिच्या आधीची, हिरव्या अक्षरांची,
आणि त्याहून खाली एक, जिचं नाव
मलासुद्धा आठवेना.
मी इथं आठ वर्षं आहे,
अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर.

पापुद्रे पडतात वहीवर.
फुंकर घालून विचारते, नाव?

"आनसू. गवाळीवरनं आलो मी."
आमच्याकडं बायाही आलो-गेलोच म्हणतात,
यंत्राला मात्र स्त्री की पुरुष ते टिकवून द्यावं लागतं.
रेशन कार्डावर कन्नडात अनसव्वा.
आधारवर अनुसया.
एक्स-रेच्या पाकिटावर नुसतंच, रुक्माण्णाची बायको.
यंत्र म्हणतं, या तिघी.
तिघींपैकी एकीच्याच काळजाची झडप नीट मिटत नाही,
कुणाची, ते सिद्ध करा.

नवं परिपत्रक आलंय.
सगळं सोपं केलंय, असं पहिल्याच ओळीत आहे.
पुढं एकोणीस पानं.
मी शिव्या देत नाही.
बेंगळुरात कुणीतरी रात्र जागून, मनापासून लिहिलं असणार,
सहा योजनांची एक करताना कुणी सुटू नये म्हणून
कुंपणाला फाटक ठेवलं,
फाटकाला कागद,
कागदाला शिक्का.
त्याला कुठं ठाऊक, गवाळीला पावसाळ्यात
कागद आधी भिजतो, माणूस नंतर.

"पलीकडं, चंदगडाकडं व्हतंय म्हणं फुकट.
मराठी हाय म्हणून दाखला देतात."
देतात. पण तिथल्या खिडकीनं परवा सांगितलं,
आधी अलीकडचं कार्ड रद्द करून या.
अलीकडचं रद्द केलं तर तांदूळ जातो.
ती जरा वेळ गप्प. मग म्हणते,
"झडप अर्धी हिकडं अर्धी तिकडं
करता येत न्हाई काय गं?"
शिडीवरून मोनेश हसतो, आणि खोकतो,
टर्पेंटाइनचा जुना, तळातला खोकला.
"अक्का, मला कुठल्या पाटीत बसवतेस?"
मी यादी चाळते. विडी कामगार आहे,
बांधकाम मजूर आहे, हमाल आहे.
अक्षरं काढणारा नाही.

दोन वाजता सर्व्हर झोपतो.
चारची बस गेली की गवाळी उद्यावर.
आनसूबाई शिडीखाली जाऊन उभी राहते, पाकीट वर धरते:
"तू लिवतोस न्हवं? मग एकदाच काय ते
नीट लिवून दे माझं नाव. सगळ्यांनी वाचावं असं."
मोनेश खाली उतरतो.
ब्रश डब्याच्या काठावर निपटतो,
योजनेच्याच निळ्या रंगात काढतो
आ, न, आणि सू ला लांब, डौलदार उकार.

"हात लावू नकोस, ओलं आहे."

खिडकीतून पाहते मी,
फाटकातून जाताना ती पाकीट
कडेनं दोन बोटांत धरून, आडवं,
परातीतलं पाणी न्यावं तसं नेते.