चौघांचा चौकोन

चपला काढून पिशवीत घालायच्या,
पिशवी मांडीखाली सरकवायची,
आणि लोखंडी नळ्यांच्या या चौकोनात
चौघांनी मावायचं.
आमच्या गादीएवढीही जागा नाही.
निशिकांतचे गुडघे कुठेच जात नाहीत,
म्हणून ते कैवल्यच्या पाठीत जातात.

घरी आम्ही असे बसत नाही.
घरी दोन खोल्या, चार स्क्रीन,
आणि जेवायला या म्हणून मारलेली एक हाक
जिला तीन वेगवेगळ्या वेळी ओ येते.

नोव्हेंबरात फुकुओकाला सुमो आला
की शाल्मली बोलू लागते.
एरवी माझ्याशी मोजूनमापून शब्द वापरणारी ही मुलगी,
कोण कुठल्या गावचा, कुणाचा गुडघा दुखावलाय,
कोण डावा हात आधी आत घालतो,
सगळं मराठीत सांगते.
क्रियापदं जरा उलटीपालटी,
पण मराठीत.
मी मुद्दाम चुकीचं विचारते.
"हा जांभळ्या लंगोटवाला कोण?"
"लंगोट नाही गं, मवाशी."
"कुणाची मावशी?"
कैवल्य इतका हसतो
की चहा निशिकांतच्या मोज्यावर.

वर मातीच्या चौथऱ्यावर पैलवान मीठ उधळतो.
माझी मूठ आपोआप वळते.
सोबत मोहऱ्या असत्या
तर अख्ख्या हॉलची दृष्ट निघाली असती.

बसतात. डोळ्यांत बघतात. उठतात.
पुन्हा मीठ, पुन्हा घाम पुसणं, पुन्हा बसणं.
कुस्ती चार सेकंदांची,
तयारी चार मिनिटांची.
शेजारच्या चौकोनातल्या हिराओका आजी म्हणतात
(शाल्मली मला सांगते)
की खरं बघायचं ते हेच.
दोघांचा श्वास जुळला
की मगच मुठी मातीला टेकतात.

मी निशिकांतकडे बघत नाही.
आमच्या फ्रिजवर, फुगलेल्या माशाच्या चुंबकाखाली
कंपनीचं पत्र आहे एप्रिलपासून.
आणखी पाच वर्षं, की परत.
रोज रात्री आम्ही समोरासमोर येतो, वाकतो,
आणि मुठी टेकायच्या आत
कुणीतरी उठून भांडी घासायला लागतं.

"तो बघ, शिगुरेयामा."
पंधराव्या वर्षी मंगोलियाहून आलेला.
नाव इथे मिळालं,
हिवाळ्याआधीच्या भुरभुर पावसाचं.
"तो स्वप्नं कुठल्या भाषेत बघत असेल?"
शाल्मली खांदे उडवते.
"आणि तू?" मी विचारते,
पण तोवर ते भिडलेत.

ओल्या पोत्यावर पोतं आदळावं तसा आवाज.
कैवल्यच्या तोंडातला घास तसाच.
शिगुरेयामाची टाच कडेच्या दोरावर,
एक क्षण, अजून एक,
आणि समोरचा महापैलवान,
ज्याला कुणी हरवत नाही म्हणे,
पहिल्या रांगेतल्या एका साहेबांच्या मांडीवर.

हॉल फुटतो.
मी उभी राहून काय ओरडले ते मला माहीत नाही.
शाल्मली म्हणते, "आई, शिट्टी वाजवलीस तू."

पूर्वी अशा वेळी लोक उशा फेकायचे,
हिराओका आजी सांगतात,
आकाश उशांनी भरून जायचं.
आता इथे दोन-दोन उशा जोडून शिवतात.
सोबत्याला उठवल्याशिवाय फेकता येत नाही.
त्यांच्या उशीचा दुसरा अर्धा भाग रिकामा आहे.
त्यावर त्यांनी संत्र्यांची पिशवी ठेवली आहे.

"तुम्ही मूळचे कुठले?" त्या विचारतात.
निशिकांत घसा साफ करतो, मी पदर शोधते
जो जीन्सवर नसतो,
आणि कैवल्य तोंडातला घास गिळून सांगतो,
"मेइनोहामा. स्टेशनच्या मागे."
आजी हसत राहतात.
त्याला दोन संत्री मिळतात.

लोक निघू लागतात.
मुलं चपलांची पिशवी घेऊन केव्हाच पुढे.
"मुंग्या आल्यात पायाला," निशिकांत म्हणतो.
"थांब," मी म्हणते, "मलाही."
एकाच उशीवर आम्ही दोघं,
हात लोखंडी नळीवर,
आणि अजून कुणी उठत नाही.