शेड

उम्म सैफच्या सिदरखाली (आपली बोरच ती, फक्त नाव परकं)
अठरा वर्षं उभी होती
दोन दारांची, लांब नाकाची, सत्त्याहत्तरची दॅटसन.
टपावर सुकलेली बोरं, बॉनेटवर म्हातारी शेळी.
'ले जाओ,' ती म्हणाली तिच्या आखाती हिंदीत,
'पैसा बाद में. लेकिन बकरी बहुत नाराज होगा.'

नखीलमधल्या आमच्या भाड्याच्या घरामागे पत्र्याची शेड आहे.
तिथे ढकलत आणली.
फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं, आंब्याच्या आकाराचं,
आणि पत्र्यावरून फिरवत गेलो,
वैद्याने पोट चाचपावं तसा.
चिकटलं तिथे लोखंड.
टपकन पडलं तिथे पुटी,
कुणीतरी कधीतरी घाईने बुजवलेली एखादी रात्र.
डाव्या दाराखाली सात वेळा पडलं.
सुलक्षणा म्हणाली, आंब्याचा देठ मोडलास.

मग सुट्टीच्या पहाटे, ऊन वर यायच्या आत, घासणं.
ऐंशीचा कागद, एकशेवीसचा, मग पाण्यातला चारशे.
पांढऱ्याखाली निळा निघाला,
निळ्याखाली लाल, ओघळांसकट,
लालाखाली करडं प्रायमर;
आणि बिजागरीच्या आड, जिथे कुणाचाच हात पोचला नव्हता,
नखाएवढा पिवळा.

लिंबाचा नाही. झेंडूचा नाही.
ओली हळद मोडली की आत दिसतो
आणि बघता बघता काळवंडतो, तो.

सव्वीस वर्षं मी फरशांच्या कारखान्यात शेड तपासतो.
पट्ट्यावरून येतात, मी म्हणतो: हा लॉट वेगळा, तो वेगळा.
हस्तिदंती आणि मलई यांचं भांडण लागलं की मला बोलावतात.
सुलक्षणा म्हणते, काल मी कुठला कुर्ता घातला होता?
मला आठवला नाही.

शारजात रंगवाल्या शाजीने कोड विचारला.
मी नखाएवढा तुकडा पुढे केला.
त्याने पिवळ्यात थेंबभर काळा टाकला.
अजून, मी म्हटलं.
भुवई उचलून त्याने टाकला,
आणि डब्यातला पिवळा एकदम खोल गेला.

फेब्रुवारीतली एक रात्र निवडली, वारा पडलेली.
जुन्या चादरींचा तंबू, काचांवर मल्याळी वर्तमानपत्रं.
पंप, बंदूक आणि सल्ला दाद करीमचा:
हात थांबला की ओघळ, हात पळाला की संत्र्याची साल.
धूळ उठू नये म्हणून जमीन ओली हवी होती.
सुलक्षणाने बादली घेतली, वाकली,
मागे मागे सरकत शिंपत गेली,
गुहागरच्या खळ्यात घालावा तसा सडा.
रांगोळी तेवढी काढू नकोस, मी म्हटलं.
मास्कमधून तिला ऐकू गेलं नाही.

पुण्याहून केतकीचा फोन.
बाबा, जूनमध्ये व्हिसा संपतोय. स्टिअरिंग डावीकडे आहे.
इकडे नेता येणार नाही. मग कशासाठी?
मी तिला सांगितलं, तीन हात झालेत,
क्लिअरचा एक राहिलाय.

चौथ्या दिवशी शेडचं दार उघडं राहिलं.
शेळी गल्ली ओलांडून आली, हुंगलं,
आणि चढली. तिच्या जागी.
पाय मुडपून रवंथ करत बसली,
आमच्याकडे बघायचीसुद्धा तसदी न घेता.
उतरली तेव्हा मागे दोन चरे, खुराच्या रुंदीचे.

उरलेला रंग लोणच्याच्या बरणीत आहे, झाकण घट्ट.
ब्रशही आहे, शून्य नंबरचा.
कुंपणापलीकडे उम्म सैफ हसत होती की शेळीला शिव्या देत होती,
कळलं नाही.

भरणार आहेस? सुलक्षणाने विचारलं.
बघू, म्हटलं. मोरपिशी होता ना तो, तुझा कुर्ता?
नाही, ती म्हणाली,
आणि कुठला ते सांगितलं नाही.