उलटी अक्षरं

चरईतल्या छापखान्याचे खिळे
भंगारवाल्यानं किलोवर नेले, तेव्हा
हरेश्वरमामानं एक 'ळ' खिशात टाकला.
का, ते कुणी विचारलं नाही.

आज मी फोन उभा केला
पोह्यांच्या डब्याला टेकवून.
मामा, म्हटलं, बोल.
खिळे कसे जुळवायचे ते सांग.
तो केस विंचरून आला.
"प्रूफ कधी बघायचं?"
इथं प्रूफ नसतं.
"मग चुका?"
जातात तशाच.
तो जरा वेळ गप्प.

मागं भिंतीला टेकवलेली छापखान्याची पाटी
पडद्यावर उलटी दिसत होती.
थांब, म्हटलं, सरळ करते.
"सरळच तर आहे," म्हणाला.
चाळीस वर्षं त्यानं असंच वाचलं:
लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल,
तलावपाळीवर भेटणाऱ्या कवींचे
पहिले आणि शेवटचे संग्रह.
त्याचं नाव कशावरच नव्हतं.

सहा मिनिटं बोलला.
मध्ये शेजारच्या कुकरची शिट्टी.
तळहातावरचा 'ळ' त्यानं कॅमेऱ्याच्या इतका जवळ नेला
की सगळा पडदा काळा झाला.

मग बटण. प्रकाशित करा.
चष्मा लावून त्यानं अक्षर अक्षर वाचलं.
'शि'ची वेलांटी पहिली, बरोबर, म्हणाला,
आणि मगच दाबलं.

रात्रीपर्यंत सतरा जणांनी पाहिलं.
"एवढ्याशा आवृत्तीला
मालकांनी मशीन सुरूच केलं नसतं,
शाई फुकट जाते."

सकाळी चहाच्या आधी मला हलवून उठवलं:
"अठरावा कोण गं?"