उकड

बेलपाड्याला, साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर
आमची चार मजली इमारत. खाली गॅरेज, वर पाहुणे.
पाहुणे म्हणजे पेशंट. नैरोबी, लागोस, दार-ए-सलाम.
पोलिसांचा फॉर्म मी आता डोळे मिटून भरते,
'येण्याचं कारण' ह्या रकान्यात सगळ्यांचं एकच.

मार्चात दुसऱ्या मजल्यावर दोन म्हातारे आले,
वेगवेगळ्या विमानांनी, एकाच देशाचे.
झिंबाब्वे म्हटल्यावर पोराने लगेच क्रिकेट काढलं.
चिकोवोरे, घशात गाठ. मझीला, हृदयाची झडप.
मला वाटलं, बरं झालं, सोबत होईल एकमेकांना.
ताटल्या शेजारी शेजारी मांडल्या.
मझीलाने आपली उचलली
आणि जिन्यात बसून खाल्लं.

मक्याचं पांढरं पीठ वाशीला मिळालं.
तांदळाच्या भाकरीला उकड काढतो तशीच काढायची,
आधण, पीठ, उलथन्याचा दांडा,
दंडात कळ येईपर्यंत घोटायचं.
चिकोवोरे म्हणाला, साझा.
जिन्यातून आवाज आला, इसित्श्वाला.
मी म्हटलं, बाबांनो, पातेलं एक आहे.

मग तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.
दोघेही जंगलात होते, गोऱ्यांविरुद्ध,
एक ह्या सरहद्दीपलीकडे, एक त्या.
ह्याला बंदुका एकाने दिल्या, त्याला दुसऱ्याने.
झेंडा चढला तेव्हा दोघेही रडले, वेगवेगळ्या मैदानांत.
दोन वर्षांनी मझीलाच्या दारात जीप.
तोच तुरुंग, म्हणतो, भिंतीवर माझीच जुनी अक्षरं होती,
जेलरने मात्र मला 'कॉम्रेड' म्हटलं.
मागे त्याच्या गावात काय झालं ते तो सांगत नाही.
विहिरीपाशी येतो आणि चहा मागतो.

आणि चिकोवोरे? तो तेव्हा भाषणं करायचा.
मोठमोठ्या मैदानांत, कर्ण्याशिवाय ऐकू जायचा म्हणे.
आता शेकल्यामुळे घसा गेला, नुसती हवा येते.
एकाला आवाज नाही, दुसऱ्याला दम नाही,
तरी रात्री अकराला भांडण चालूच.
देश कोणी सोडवला.

सासऱ्यांना इंग्रजी कळत नाही, पण हे कळलं.
चौऱ्याऐंशीचा छर्रा अजून पोटरीत आहे त्यांच्या.
आमच्या गावात कृती समित्या दोन, नाव एकच,
एकीच्या फलकावर पुढे कंसात 'मूळ'.
हुतात्म्यांना हार नऊ वाजता आणि अकरा वाजता.
जोमाकाका वारला तेव्हा हसूराम पाटील, म्हणजे आमचे सासरे,
खिडकी लावून बसले. ज्याच्याबरोबर रस्त्यावर झोपले होते, तो.
ते म्हाताऱ्यांचं भांडण ऐकत ओटीवर बसायचे
आणि मधूनच म्हणायचे, बरोब्बर.
कोणाला, ते कळायचं नाही.

आमचा कोंबडा पहाटे चारला आरवतो.
चिकोवोरेच्या पक्षाची खूण कोंबडाच.
मझीला गॅलरीत येऊन म्हणाला,
इथंही झोपू देत नाही हा मला.
चिकोवोरे हसला. हसण्याचाही आवाज नाही,
नुसते खांदे हलले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मझीलाचा पुतण्या गेला,
व्हिसा संपला होता. कागदावर सही हवी होती कोणाची तरी.
चिकोवोरे टोपी घालून रिक्षात बसला, मी बरोबर.
सही केली. पुढचा रकाना: नातं.
पेन धरून बसून राहिला. मागे रांग खोळंबली.
शेवटी काउंटरवरच्या पोरीने स्वतःच लिहिलं, मित्र.

चौथ्या दिवशी मझीलाला बसवलं.
नळ्या, टाके, ओठ कोरडे.
फाइल मागितली, बोट ठेवलं, मला विचारलं, हे काय लिहिलंय.
मी सांगितलं.
म्हणाला, खोडा.

मी खोडलं.
मग विचारलं, काय लिहू?
त्याने डोळे मिटले. बराच वेळ.
मला वाटलं झोपला.
डबा उघडला तर म्हणाला,
उकड आज पातळ झालीय.
त्याला विचारून कर. त्याला येते.